नखावरचा पांढरा ठिपका कॅल्शियमचा नसतो, आणि नखांबद्दल अजून बरंच काही

लहानपणी संध्याकाळी बगळ्यांचा थवा डोक्यावरून गेला की आम्ही दोन्ही हातांची नखं एकमेकांवर घासायचो आणि बगळ्यांकडे फुलं मागायचो, मग दोन-चार दिवसांनी कुणाच्या नखावर पांढरा ठिपका दिसला की बगळ्याने फूल दिलं म्हणून तो वर्गभर नख दाखवत फिरायचा. आता तोच ठिपका माझ्या भाचीच्या नखावर दिसला तर घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, "हिला कॅल्शियम कमी पडतंय, गोळ्या चालू करा." बगळ्याचं सोडा, पण हे कॅल्शियमचंही खरं नाहीये.

नख जिथे तयार होतं तिथे, म्हणजे पार मुळाशी, कधीतरी छोटासा मार बसलेला असतो. दारात बोट सापडलेलं असतं, बाकावर हात आपटलेला असतो, नाहीतर नखं कुरतडायची सवय असते. त्या वेळी बनणारा नखाचा एवढासा भाग नीट घट्ट जमत नाही, त्यामुळे त्यावर प्रकाश पडला की तो पांढरा दिसतो. मार लक्षातही राहत नाही कारण ठिपका दिसेपर्यंत काही आठवडे गेलेले असतात. नख वाढत जातं तसा तो पुढे सरकतो आणि एक दिवस नेलकटरने कापला जातो, बस. त्यासाठी औषध लागत नाही.

हे नीट कळायला नख वाढतं कसं ते आधी बघूया, कारण नखांचे निम्मे गैरसमज तिथूनच येतात. आपल्याला दिसतं ते नख मेलेलं असतं, केसासारखंच. जिवंत कारखाना असतो मागे, कातडीखाली. अंगठ्याच्या नखावर जो पांढरट अर्धचंद्र दिसतो ना, तो त्या कारखान्याचा बाहेर डोकावणारा तुकडा. तिथे पेशी तयार होतात, चपट्या होतात, केराटिन नावाच्या प्रोटीनने भरतात, मरतात आणि पुढे ढकलल्या जातात. हेच केराटिन केसात असतं, गाईच्या शिंगात आणि खुरातही असतं. त्याला कडकपणा येतो तो केराटिनच्या धाग्यांमधल्या गंधकाच्या बंधांमुळे. कॅल्शियम नखात असतं पण अगदी नावापुरतं, हाडासारखं नाही, म्हणून कॅल्शियमच्या गोळ्यांनी हाडांचं भलं होईल, नखं त्याने टणक होतील ही आशा ठेवू नका.

आणि वेग? हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलीमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्याने किंवा त्याहूनही कमी. म्हणजे हाताचं अख्खं नख नवीन यायला सहाएक महिने, आणि पायाच्या अंगठ्याचं वर्ष ते दीड वर्ष. मधल्या बोटाचं जरा पटापट वाढतं, करंगळीचं रेंगाळतं. आता हा हिशोब डोक्यात ठेवून त्या जाहिराती बघा, "१५ दिवसांत मजबूत नखं". पंधरा दिवसांत दीड मिलीमीटर नख येतं हो! तेही बराचसा वेळ कातडीच्या आडच असतं.

या संथपणाचा एक फायदा मात्र आहे. नखावर मागच्या काही महिन्यांची नोंद राहते. कुणाला टायफॉइड, डेंग्यू, न्यूमोनिया, जोरदार कोविड असं काही झालं की शरीर नखाचा कारखाना काही दिवस जवळजवळ बंद ठेवतं, आणि मग दोन महिन्यांनी सगळ्या नखांवर आडवी खाच दिसायला लागते, बोट फिरवलं तर हाताला लागते. फ्रान्समधल्या बो नावाच्या डॉक्टरने १८४६ मध्ये हे नीट लिहून ठेवलं, म्हणून त्या खाचांना अजून त्याच्याच नावाने ओळखतात. खाच मुळापासून किती पुढे आलीय ते मोजलं की आजारपण साधारण कधी झालं ते सांगता येतं. लहान मुलांमध्ये हात-पाय-तोंडाला फोड येणारा तो आजार होऊन गेला की महिना-दीड महिन्याने काही मुलांची नखं मुळापासून सुटून चक्क गळतात, आणि आई-बापाची झोप उडते. खालून नवीन नख येतच असतं. काही करायचं नसतं, फक्त ते सुटलेलं नख ओढून काढायचं नाही.

आता मला ज्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं ते सांगते. माझी मावशी डबे करून देते, रोजचे चाळीसएक. म्हणजे पहाटेपासून भाज्या धुणं, कणीक मळणं, लिंबं पिळणं, मध्येमध्ये भांडी, हात सतत ओला. दोनेक वर्षांपूर्वी तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना नखाच्या मुळाशी सूज आली, कातडी लालसर, चकचकीत, आणि नख असं लाटालाटांचं झालं की जणू पत्र्याचं छप्पर. कडेला काळपट-हिरवट रंग. मेडिकलवाल्याने ट्यूब दिली, तिने आठवडा बरं वाटलं. मग एका दवाखान्यात बघताक्षणी "फंगस" म्हणाले आणि गोळ्या सुरू झाल्या, चार महिने घेतल्या तिने, कसली तपासणी नाही, लिव्हरची नाही की नखाची नाही. फरक शून्य. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो, त्यांनी भिंगातून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "दिवसाचे किती तास हात पाण्यात असतात?"

मग त्यांनी मला जवळ बोलावून दाखवलं. नख जिथे कातडीतून बाहेर येतं तिथे एक पातळ पापुद्रा चिकटलेला असतो, क्यूटिकल म्हणतात तो. माझ्या बोटावर तो होता, मावशीच्या त्या दोन बोटांवर नव्हताच, तिथे नख आणि कातडीच्या मध्ये फट होती, कागदाची कड आत जाईल एवढी. तो पापुद्रा म्हणजे कुकरची रिंग. रिंग गेली की शिट्टी होत नाही तसं पापुद्रा गेला की पाणी, साबण, पीठ, लिंबाचा रस सगळं आत जातं आणि आतली कातडी रोज चिडते, सुजते, आणि त्याच्या शेजारीच कारखाना असल्यामुळे नख वाकडंतिकडं येतं. त्या फटीत यीस्ट आणि जंतू राहायला येतात खरे (हिरवा रंग त्यांच्यापैकीच एकाचा), पण ते नंतरचे भाडेकरू. पाणी बंद केल्याशिवाय कुठल्याही गोळीने हे बरं होत नाही.

उपाय काय दिला? आत सुती हातमोजे आणि वर रबरी, कारण नुसत्या रबरी मोज्यात घाम येऊन परत ओलंच राहतं. लिंबू सोलायचं-पिळायचं तेही मोजे घालून. काम झालं की हात कोरडे करून नखाच्या मुळाशी व्हॅसलीन. आणि सूज उतरवायला काही आठवडे एक मलम, जे त्यांनी लिहून दिलं तेवढेच दिवस. तीन महिने लागले पापुद्रा परत धरायला. आधी मावशी म्हणायची "मोजे घालून कणीक कशी मळू?", मग कणकेचं काम मुलाने घेतलं. खरं सांगू, आपल्याकडे बायकांच्या हाताला काहीही झालं की बाईने तेल चोळावं आणि काम सुरू ठेवावं असं सगळ्यांना वाटतं, आणि या दुखण्याचं औषध म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी भांडी घासणं हेच आहे.

अचानक ठसठसणारं नखुरडं मात्र वेगळं. ते दोन-तीन दिवसांत फुगतं, पू होतो, रात्री झोप लागत नाही. सुरुवातीला कोमट पाण्यात दिवसातून तीन-चारदा बोट बुडवून कोरडं केलं तर बऱ्याचदा निवतं. लिंबाला भोक पाडून बोटात घालायचा उपाय आपल्याकडे घरोघरी आहे, थोडं गार वाटत असेल, पण साठलेला पू त्याने बाहेर येत नाही, तो डॉक्टरांनीच काढायला लागतो. डायबेटिस असेल तर एक दिवसही वाट बघू नका.

ठिसूळ नखांचं कारणही बहुतेक वेळा पाणीच असतं. नखाचं टोक पापडासारखं पदर पदर सुटतं ना, ते सारखं भिजणं आणि सारखं वाळणं यामुळे. भिजलं की नख फुगतं, वाळलं की आकसतं, दिवसातून वीस वेळा हे झालं की थर सुटायला लागतात, त्यात डिटर्जंट आणि नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन भर घालतात. मोजे, आणि पाण्यातून हात काढल्यावर लगेच खोबरेल किंवा व्हॅसलीन, हे दोन-तीन महिने नेमाने करून बघा आणि मग महागड्या बाटलीकडे वळा. उभ्या बारीक रेषा असतील तर त्या वयाच्या, चाळिशीनंतर बहुतेकांना येतात.

खाण्याचं म्हणाल तर माझ्या लेखी पहिला नंबर लोहाचा. लोह खूप दिवस कमी राहिलं की नखं पातळ होतात, मग सपाट, आणि मग मधोमध खोलगट, चमच्यासारखी. घरी बघता येतं, नखावर पाण्याचा थेंब सोडा, थेंब ओघळून न जाता खळग्यात बसून राहिला तर रक्त तपासून घ्या. (वर्षाच्या आतल्या बाळांची नखं अशी असू शकतात, ती आपोआप सरळ होतात.) पण उलट धरू नका, नखं चांगली दिसतात म्हणजे रक्त चांगलं असं अजिबात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया होता, आणि त्यांतल्या फार थोड्यांची नखं चमच्यासारखी असतील. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन पण करायला सांगा, ती लोहाची साठवण दाखवते, आणि हिमोग्लोबिन घसरायच्या आधीच कमी होते.

बाईला दिवसाला लोह २९ मिलीग्रॅम लागतं असं आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० चे आकडे सांगतात, पुरुषाला १९. नुसता गूळ-शेंगदाण्याचा लाडू खाऊन ते भरत नाही, गुळात लोह आहे पण लोक समजतात तेवढं नाही. बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, अळीव, राजगिरा, आणि खाणाऱ्यांसाठी मटण, कलेजी, सुकट. मांसाहारातलं लोह अंगी लागायला सोपं, डाळी-धान्यातलं अवघड, आणि तिथेच आपल्या जुन्या सवयी कामाला येतात. पोह्यांवर लिंबू पिळायचं ते चवीपुरतं नाही, त्यातलं सी व्हिटॅमिन लोह शोषायला मदत करतं. कडधान्याला मोड आणले की त्यातला लोह अडवणारा भाग कमी होतो. लोखंडी कढईत टोमॅटो, आमसूल असं आंबट काही घालून केलेल्या भाजीत थोडं लोह उतरतंच. आणि या सगळ्यावर पाणी फिरवतो तो जेवणाबरोबरचा किंवा जेवल्या जेवल्या घेतलेला चहा. तासभर थांबा, एवढंच. पण फेरिटिन एकदा खाली गेलं की मग जेवणाने भरून यायला फार वेळ जातो, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्याच, शौच काळी झाली म्हणून बंद करू नका, ते लोहामुळेच होतं. आणि पाळीत रक्त जास्त जात असेल, मूळव्याध असेल, तर गळती बुजवल्याशिवाय टाकी भरत नाही.

दुसरं प्रोटीन. नख म्हणजे प्रोटीनच, हे वर आलंच. किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ५० ग्रॅम. एका अंड्यात सहाएक ग्रॅम असतं. पातळ वरण आणि भात असं जेवण असेल तर तुम्हीच हिशोब करा. लग्नाआधी वजन कमी करायचं म्हणून महिनाभर सूप आणि काकडीवर राहिलेल्या मुलींची नखं आणि केस तीन महिन्यांनी बोलायला लागतात. तिसरं बी-१२, जे दूध-दही, अंडी, मासे-मटण यातूनच मिळतं. ते फार कमी झालं तर नखांवर आणि बोटांच्या पेरांवर तपकिरी-काळपट छटा येऊ शकते, आणि इंजेक्शन-गोळ्यांनी ती जातेही.

मग बायोटिन, म्हणजे बी-७ व्हिटॅमिन? सगळ्यात जास्त विकलं जाणारं हेच, गोड गमीपासून कॅप्सूलपर्यंत. मोठ्या माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं, आणि ते अंड्याच्या बलकात, शेंगदाण्यात असतंच, शिवाय खरी कमतरता दुर्मिळ. (कच्च्या अंड्याचा पांढरा भाग रोज ढीगभर खाल्ला तर होऊ शकते, कारण त्यातलं एक प्रोटीन बायोटिनला पकडून ठेवतं. शिजवलं की तो प्रश्न मिटतो.) बाटलीवर मात्र १०,००० मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं, म्हणजे गरजेच्या तीनशे पटींहून जास्त. ठिसूळ नखांवर दिवसाला अडीच मिलीग्रॅम देऊन केलेले काही छोटे अभ्यास आहेत, त्यांत काहींची नखं जाड झाली, पण माणसं थोडी आणि तुलनेला दुसरा गट धड नाही. बरं, उपयोग नाही झाला तर नाही, अपाय तर नाही ना? तिथेच मेख आहे. रक्ताच्या अनेक तपासण्या बायोटिन वापरूनच केल्या जातात, आणि रक्तात ते जास्त असेल तर रिपोर्ट खोटा येतो. माझ्या बहिणीचा टीएसएच (थायरॉइड जास्त काम करायला लागला की हा आकडा घसरतो) एकदम इतका कमी आला की थायरॉइड वाढलाय म्हणून गोळी सुरू होणार होती. डॉक्टरांनी सहज विचारलं, केसा-नखांचं काही घेतेस का? गमी बंद करून काही दिवसांनी परत तपासलं, सगळं नॉर्मल. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता, कारण हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिनची तपासणी पण यामुळे खोटी कमी येऊ शकते.

जास्त पोषणाने नखं जातात याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण म्हणजे शेगाव तालुका. २०२५ च्या सुरुवातीला तिथल्या गावांमध्ये लोकांचे केस अचानक मुठीने गळायला लागले, टक्कल पडलं, आणि काही महिन्यांनी त्यांतल्याच काही जणांची नखं वेडीवाकडी होऊन गळू लागली. संशयाची सुई सेलेनियमकडे गेली, आणि विंचूदंशावरच्या कामामुळे ओळखले जाणारे डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी त्याचा संबंध रेशनच्या गव्हाशी जोडला. सेलेनियम हे शरीराला लागणारंच द्रव्य आहे, पण दिवसाला ४०-५० मायक्रोग्रॅम, चिमटीच्या हजाराव्या भागाइतकंही नाही, आणि सतत जास्त गेलं की पहिले केस आणि नखंच जातात. आधी केस, मागून नखं, हा क्रमही नखाच्या त्या संथ वाढीशी जुळतो. म्हणून "केस-नखं-त्वचा" लिहिलेल्या दोन-तीन बाटल्या एकदम चालू असतील तर मागचं लेबल वाचा, प्रत्येकीत सेलेनियम असू शकतं आणि त्याची बेरीज तुमच्या पोटात होते.

फंगसचं थोडक्यात. पावसाळ्यात शेतात, चिखलात काम करणाऱ्यांना बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, दिवसभर बंद बुटात राहणाऱ्या शहरी पायांनाही होतात, आणि तिथलं फंगस शेजारच्या नखात शिरतं. नख टोकाकडून पिवळं, जाड, भुसभुशीत होतं. पण विचित्र दिसणाऱ्या नखांपैकी साधारण निम्मीच फंगसची असतात. सोरायसिस या त्वचेच्या आजारात टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात आणि नखाखाली तेलाचा डाग पडल्यासारखं दिसतं, घट्ट बुटाने आपटून आपटून पण नख जाड होतं. म्हणून आधी नखाचा चुरा तपासायचा, मग गोळी. टर्बिनाफिन ही फंगसवरची गोळी बहुधा हाताच्या नखाला ६ आठवडे आणि पायाच्या नखाला १२ आठवडे देतात, लिव्हरवर लक्ष ठेवून. कोर्स संपला तरी नख खराबच दिसतं म्हणून घाबरू नका, जुनं नख पुढे सरकून कापलं जाईपर्यंत वर्ष जाणारच. आणि मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब आणून लावू नका, खाज थांबते आणि फंगस आतल्या आत पसरतं.

दोन गोष्टींसाठी मात्र उशीर करू नका. एक, एकाच नखात मुळापासून टोकापर्यंत काळी-तपकिरी उभी पट्टी नव्याने आली, रुंद होत चालली, किंवा रंग शेजारच्या कातडीवर उतरला. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत अनेक नखांवर अशा फिकट पट्ट्या असणं नेहमीचं आहे, पण एकटी, वाढणारी पट्टी कॅन्सरची असू शकते. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये तोच निघाला आणि १९८१ मध्ये, अवघ्या ३६ व्या वर्षी तो गेला. दुसरी गोष्ट, बोटांची टोकं फुगून नखं पोपटाच्या चोचीसारखी वळणं. दोन्ही हातांची तीच बोटं नखाला नख लावून टेकवा, मुळाशी हिऱ्याच्या आकाराची बारीक फट दिसायला हवी. ती फट नाहीशी झाली असेल तर फुप्फुस आणि हृदय तपासून घ्या, नखाला काही लावत बसू नका.

डॉक्टरकडे जाताना नेलपॉलिश, जेल सगळं काढून जा, मेंदीचा किंवा हळदीचा रंग असेल तर तसं सांगा, हाताची तक्रार असली तरी पायाची नखंही दाखवा. घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, गमीची बाटलीसुद्धा. आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्याच नखाचा, त्याच उजेडात एक फोटो काढून ठेवा. मावशीच्या फोनमध्ये असे आठ फोटो आहेत. तिसऱ्यात मुळाशी गुळगुळीत नखाची एक बारीक कोर दिसते, सहाव्यात ती अर्ध्यावर आलीय, आणि आठव्यात लाटांची फक्त टोकाशी एक पट्टी उरलीय.